बिनमाळेचा घास

नंदी : म्हंजी नानांनी मानंला हात लावला?

आजी : हळू बोल, जिन्यात आवाज घुमतो. सकाळी सिस्टरनं मानंचा पट्टा काढला, नाकातली नळी काढली. आन् तुज्या बापानं पयलं काय केलं आसंल, तर हात नेला गळ्याशी. ह्या बाजूनं चाचपलं, त्या बाजूनं चाचपलं. मंग बघितलं माज्याकडं. नंदे, एवढा आक्सिडेंट झाला तवाबी त्याचं त्वांड तसं झालं नसंल.

नंदी : तू काय सांगितलं?

आजी : म्हनलं, तुटली माळ. तर म्हनतो कसा, तुटली का कुनी तोडली?

नंदी : मंग सांगायचं ना सरळ! दवाखान्यात आनल्या आनल्या कात्री चालवली. पट्टा आवळायचा हुता, माळ मदी येत हुती. मानूस जगवायचा का मनी जपायचे?

आजी : तुला सोपं हाय. तू कुटं माळकरीन हायेस.

नंदी : मंग आता काय म्हनत्यात?

आजी : माळ न्हाई तवर अन्नाला शिवनार न्हाई. नेमच हाय तो. मागं एकदा विहिरीत पवताना माळ गेली, तर महाराज गावाला गेल्ते. ते येईस्तवर हा गडी उपाशी. तसाच म्हशी पिळत हुता, तसाच दुधाची गाडी घेऊन जामखेडला जात हुता. तू ल्हान हुतीस तवा.

नंदी : तवा धडधाकट हुते. आता मांडी मोडलीय. डॉक्टर काय म्हनला?

आजी : संध्याकाळपतुर तोंडानं काय गेलं न्हाई, तर परत नाकात नळी. आन् अंगात रक्त भरल्याबिगर मांडीचं आपरेशन करीत न्हाई म्हनला. आसंच ऱ्हायलं तर पाय आखूड ऱ्हाईल.

नंदी : हात्तिच्या, येवढंच ना? मी आत्ता जाते माळीवाड्यात, तुळशीची माळ घेते, येते. अर्धा तास.

आजी : माळ म्हंजी काय मोबाईलचं कव्हर हाय का, फुटलं की दुसरं? ती महाराजांच्या हातनं घ्यायची आसती. आन् तुटल्यावर परत घालायची तर महाराज इचारत्यात.

नंदी : काय इचारत्यात?

आजी : मदल्या काळात काय अभक्ष पोटात गेलं का.

नंदी : आगं बया!

आजी : आता कळलं, सकाळपासनं मी ह्या पायरीवर का बसलीय?

नंदी : अंडी.

आजी : नाव नगं घिऊस! लोकं हायेत.

नंदी : लोकांला काय करायचंय? डॉक्टरनंच सांगितलं हुतं ना, मानूस सुकत चाललाय, दुधात अंड्याचं पांढरं फेटून नळीतनं द्या म्हनून. आन् मी फोडते म्हनलं, तर तूच माजा हात झटकलास.

आजी : लेकीच्या हातनं बापाला नगं ते. तुज्या म्होरं सगळं आयुष्य पडलंय. पाप लागायचं तर लागू दे मला, मी काय, पिकलं पान.

नंदी : पयलं अंडं तर निम्मं लुगड्यावरच फोडलंस.

आजी : तीस वर्सात हातात धरलं न्हवतं. कसं धरायचं त्येच इसरले हुते. नंदे, शपथ घे. त्याच्या कानावर जाऊ द्यायचं न्हाई. तेवढ्यानं तो झुरून मरंल.

नंदी : मी शपथ घेत नसते. माज्या तोंडाचा भरवसा मलाच न्हाई. तेवढ्यापायी तर शाळा सुटली.

आजी : मंग आज एक दिस दातात जीभ धर. ह्ये घे, मुगाचं कढन. त्या पलीकडच्या खाटंवाल्यांनी गॅसवर करून दिलंय. तू भरवून बघ. तुजं ऐकतो तो.

नंदी : माजं? माजं म्हशीबी ऐकत न्हाईत.

आजी : जा गं बाई. मी हितंच बसते पायरीवर.

*

नंदी : नाना. झोपल्याचं सोंग घेऊ नका. पापन्या हालत्यात.

नाना : आई कुटं हाय?

नंदी : बाहेर. ह्ये बघा, मुगाचं कढन आनलंय. पातळ हाय, चावायचं न्हाई काय न्हाई. आ करा.

नाना : ठिव तिकडं.

नंदी : ठिवायला आनलं न्हाई.

नाना : नंदे... कवा तोडली माळ?

नंदी : पयल्याच दिशी. कात्रीनं. पिशवीत घालून दिली हुती, मनी मनी झालं हुतं तिचं. ती पिशवीबी त्या धांदलीत कुटं गेली कुनास ठावं. आता वरडा माज्यावर.

नाना : वरडायला आवाज कुटं हाय. पयल्याच दिशी म्हंजी... मी बेसुद हुतो तवाबी न्हवती?

नंदी : न्हवती.

नाना : आसं कसं. आगं, मी ऐकलंय.

नंदी : काय ऐकलंय?

नाना : अंधार हुता. विहिरीच्या तळाला बसल्यावानी. हात न्हाई, पाय न्हाई, काय न्हाई. आन् वरनं, लांबनं, भजन यायचं. टाळ. मला वाटलं, आपलीच मंडळी न्यायला आली. मंग वाटलं, न्यायला न्हाई, ह्ये तर परत धाडायला आल्यात. ह्याच्या गळ्यात माळ हाय, ह्याला वर काडा म्हनत आसत्याल. त्या आवाजाला धरून आलो मी वर. आन् बघतोय तर गळा मोकळा. मंग त्ये भजन कुनासाठी चाललं हुतं?

नंदी : तुमच्यासाठीच.

नाना : व्हय?

नंदी : माज्या मोबाईलवर.

नाना : काय?

नंदी : सिस्टर म्हनली, पेशंटच्या कानाशी ओळखीचं काईतरी बोलत ऱ्हावा. मी काय बोलनार? आपुन दोगं कवा बोलतो, नुसतं भांडतो. म्हनून भजन लावायची. मोबाईल धरून धरून हात आखडायचा. मला तर तोंडपाठ झाली सगळी, इच्छा नसताना.

नाना : मदी मदी एक बाई यायची. बियान्याचं सांगायची. कपाशीच्या.

नंदी : जाहिरात हाय ती. फुकटचं ॲप हाय, तीन गानी झाली की लागती.

नाना : मला वाटलं...

नंदी : काय वाटलं?

नाना : काय न्हाई. मला वाटलं, वरबी पेरनी जवळ आली आसंल.

नंदी : हसू नका, बरगडी दुखंल.

नाना : हसत न्हाई. नंदे, म्हंजी तिथं कुनीच न्हवतं.

नंदी : मी हुते ना!

नाना : तसं न्हवं गं.

नंदी : मंग कसं? मी म्हंजी कुनीच न्हवं? हात माजा आखडत हुता, त्ये खोटं का?

नाना : तुला न्हाई कळायचं. मी म्हनत हुतो, देवानं वडून आनलं मला. आता तू म्हनतीस मोबाईल हुता. माळबी न्हवती. मंग माजं ऱ्हायलं काय?

नंदी : पाय ऱ्हायलाय! एक मोडलाय, एक धड हाय. मी ऱ्हायलीय, आई ऱ्हायलीय, आजी ऱ्हायलीय. आ करा.

नाना : न्हाई. एक गोष्ट तेवढी शाबूत हाय, ती मोडू नगंस. नळीतनं काय दूधच गेलं आसंल ना? दूध चालतं. म्हंजी नेम मोडलेला न्हाई. महाराज आलं, माळ घातली, तर खाईन. न्हाई आलं, तर न्हाई. देह काय, आज ना उद्या जायाचाच हाय.

नंदी : आसलं बोलू नका.

नाना : खरं बोलतोय. आता ह्या घडीला गेलो तरी निर्मळ जाईन.

नंदी : निर्मळ?

नाना : व्हय. निर्मळ.

नंदी : तुमाला काय म्हाईत निर्मळ! तुमी तर डोळं मिटून पडला हुता. मी बघितलंय. फाट्यावर कुनीतरी बोंब मारली म्हनून पळत आले. ती उसाची ट्रॉली मदी रस्त्यात हुबी, मागं ना लाईट, ना लाल पट्टी. तुमची गाडी निम्मी तिच्या पोटात. समद्या रस्त्यावर दूध. पांढरं फटक. आन् त्यात तुमी. गावची सगळी कुत्री जमली हुती, नाना. चाटत हुती. तुमच्या अंगावरचं दूध चाटत हुती. मी दगडं मारत हुते त्यांला, आन् लोकं म्हनत हुती, पोरगी येडी झाली, हिला धरा. लोकांनी मला धरलं, कुत्र्यांला न्हाई! आन् तुमी मला सांगता, निर्मळ जाईन?

नाना : नंदे...

नंदी : नळीतनं दूध गेलं, व्हय! दुधात अंडं हुतं! रोज! दोन दोन अंडी खाल्लीत तुमी, कळलं? त्या अंड्यांवर तुमचं हृदय चाललंय. खावा आता कढन!

(नाना भिंतीकडे तोंड फिरवायला बघतात, पण मान तेवढी फिरत नाही, मग डोळेच मिटून घेतात. नंदी चमचा वाटीत टाकते आणि वाटी खाली ठेवते.)

नाना : कुनी फोडलं?

नंदी : नाना, माजं चुकलं. मी रागात—

नाना : कुनी फोडलं अंडं?

नंदी : आजीनं.

नाना : आईनं?

नंदी : मी फोडनार हुते. तिनं फोडू दिलं न्हाई.

नाना : आईनं. अंडं. तिच्या घरात कोंबडी शिरली तर सारवून काढती ती.

नंदी : म्हाईत हाय.

नाना : बोलव तिला.

नंदी : नाना, तिला नका बोलू काय. मला हाना.

नाना : बोलव.

*

आजी : काय गं, चेहरा का आसा झालाय? खाल्लं का त्यानं?

नंदी : आजे, मी सांगितलं.

आजी : काय?

नंदी : सगळं.

आजी : मेले गं बाई. तुज्या जिभंला हाड न्हाईच, पन कातडंबी न्हाई का?

नाना : आई. हिकडं ये. बस.

आजी : मी हुबीच बरी हाय.

नाना : मरू द्यायचं हुतंस मला.

आजी : दिलं आसतं की. इचारलं आसतंस तर दिलं आसतं. तू बोलत कुटं हुतास? डॉक्टर तुज्या उशाशी हुबा ऱ्हाऊन म्हनतो, आजी, ह्याच्यात काय ऱ्हायलं न्हाई, काईतरी घाला पोटात. तुज्या तोंडाकडं बघितलं. गालाची हाडं वर आल्ती. तू दीड वर्साचा आसताना गोवर झाला हुता, तवा दिसत हुतास तसा दिसत हुतास. मंग मी काय इचार केला न्हाई. तवाबी केला न्हवता.

नाना : तवा काय दिलं हुतंस?

आजी : जे मिळंल ते. दुष्काळ हुता.

नाना : अंडं फोडताना गळ्यात माळ हुती तुज्या?

आजी : मी काय येवडी खुळी हाय का? माळ गळ्यात ठिवून कुनी अंडं फोडतं? काडून ठिवली.

नाना : कुटं?

आजी : हाय. कनवटीला हाय.

नाना : परत घातली?

आजी : नंदे, त्या कढनाला साय धरली बघ. हालव जरा.

नाना : आई. परत घातलीस का?

आजी : कुनाच्या हातनं घालू? महाराजांनी इचारलं, मदी काय केलंस म्हातारे, तर काय सांगू? अंडी फोडत हुते म्हनू?

नाना : पदर काड बघू गळ्यावरचा. म्हंजी... त्या दिसापासनं माळ न्हाई.

आजी : न्हाई.

नाना : मंग जेवलीस कवा?

नंदी : जेवती की ती! आई घरी पहाटं उठून भाकरी थापती, डबा येतो रोज एस्टीनं. रोज रिकामा घासून धाडती ही.

नाना : मी तिला इचारतोय.

आजी : च्या घेते की. केळं खाते. परवा एक राजगिऱ्याचा लाडू खाल्ला. उपासाचं चालतं.

नंदी : आन् डबा? आजे, डबा कुटं जातो?

आजी : ती पलीकडच्या खाटंवाल्याची बायको हाय ना. पोटुशी हाय बिचारी. दोन जिवांला लागतं.

नंदी : आजे!

आजी : वरडू नगंस, पेशंट हायेत.

नंदी : पेशंट गेले चुलीत! मी तुज्या शेजारी झोपते रोज, आन् मला... म्हनून दर पायरीला कठडा धरतीस जिना चढताना. मी म्हनत हुते, वय झालं. च्यायला, तुमी दोगंबी डोक्यावर पडलाय! एक गाडीतनं पडला, दुसरी न पडताच!

आजी : बापाम्होरं शिव्या देती का?

नंदी : देनार! मी आता दोन खाटा मागते डॉक्टरकडं. दोन नळ्या मागते. एक ह्याच्या नाकात, एक तुज्या. आन् मी जाते घरी म्हशींकडं. म्हशी निदान वैरन टाकली की खात्यात!

आजी : रडू नगंस आता.

नंदी : रडत न्हाई मी!

नाना : नंदे.

नंदी : काय!

नाना : ते काय हाय वाटीत?

नंदी : सांगितलं की. मुगाचं कढन. गार झालं आता.

नाना : आन हिकडं.

आजी : गहिनी, लेका... माळ?

नाना : आदी आईला दे.

आजी : मला? मी न्हाई. माळ न्हाई माज्या गळ्यात.

नाना : माज्याबी न्हाई.

आजी : तू पेशंट हायेस.

नाना : तू आई हायेस.

आजी : आरं, नेम मोडंल.

नाना : मोडलाय, आई. तुजा तू मोडलास, माजाबी तूच मोडलास. आता मोडलेल्या नेमाला उपाशी ठिवून काय करायचंय?

आजी : आन् महाराज?

नाना : पाय बरा झाला की दोगं जाऊ त्यांच्याकडं. बोलायचं मी बोलंन. तू नुसती हुबी ऱ्हा.

आजी : काय बोलशील?

नाना : म्हनंन, आईनं भरवलं, ते खाल्लं. दीड वर्साचा हुतो तवाबी काय हाय म्हनून इचारलं न्हवतं.

आजी : आन् न्हाई घातली त्यांनी परत, तर?

नाना : न्हाई तर न्हाई. मागं बसून भजन तरी करू देत्याल की. मी ऐकलं तवा कुटं माळ हुती गळ्यात? तरी येत हुतं ऐकू.

नंदी : माज्या मोबाईलवर.

नाना : व्हय. तुज्या मोबाईलवर. त्यानं दुसरं कुनाला हातात धरायला सांगितलं आसतं? बाकीची सगळी टाळ वाजवन्यात गुतलेली. मोकळी तूच हुतीस.

नंदी : ह्ये काय मला पटलं न्हाई.

नाना : नगं पटू देऊ. चमचा भर.

नंदी : एकच चमचा हाय. कुनाला आदी?

नाना : आईला.

आजी : त्याला.

नंदी : माजा हात लई दिस आखडलाय, आता जास्त येळ धरनार न्हाई. आजे, आ कर. कर म्हनते ना! ...हां. आता तुमी. हळू. हळू, घशात आडकंल. गिळा.

नाना : (घास गिळतात.)

नंदी : गेलं का? नाना, गेलं का खाली?

नाना : गेलं.

आजी : दुखतंय का रं गिळताना?

नाना : न्हाई. आई, तुला कसं लागलं?

आजी : मी कशाला बोलू. तुला कसं लागलं?

नाना : अळनी हाय.

आजी : व्हय गं बाई. मीठच न्हाई त्यात.

नंदी : बसा दोगंबी हितंच. हालू नका. मीठ घेऊन येते.